पातळ सोलच्या बुटांबद्दल पुरवणीत अर्धंच छापलंय

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पातळ सोलच्या रनिंग शूजवर, म्हणजे ज्यांना आता सगळे मिनिमलिस्ट शूज म्हणतात त्यांच्यावर, अर्धं पान छापलं. फोटो छान होते, लिहिणाऱ्याचा उत्साह पण दिसला, बरीचशी माहिती बरोबर होती. पण जाड सोलवरून पातळ सोलवर यायचं कसं आणि त्याला किती वेळ लागतो, यावर एक ओळसुद्धा नव्हती. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची होती. बूट बदलले की गुडघेदुखी गेली, एवढंच वाचून सोमवारी सकाळी ग्राउंडवर दोघं जण माझ्याकडे आले, मॅडम कोणत्या कंपनीचे घेऊ म्हणून. मी विचारलं घालणार कधीपासून, तर म्हणे या रविवारी लॉंग रन आहे नं, त्यालाच घालतो. त्यांना मी थांबवलं, पण पुरवणी तर हजारो घरात गेली असेल, म्हणून हे पत्र लिहून राहिली आहे. थोडं लांब झालं तर माफ करा.

मी शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींची प्रॅक्टिस घेते. सकाळी त्याच ग्राउंडवर मोठ्या माणसांचा रनिंग ग्रुप असतो, बँकेतले, डॉक्टर, दुकानदार, रिटायर्ड मंडळी, गृहिणी, सगळे. त्यामुळे मला एकाच दिवशी दोन प्रकारचे पाय पाहायला मिळतात आणि हा विषय मला पुस्तकातून कमी आणि त्या पायांवरून जास्त समजला.

भरतीला येणाऱ्या पोरी काटोल, उमरेड, कुही, मौदा अशा भागातून आलेल्या असतात, इथं खोली करून राहतात. बऱ्याच जणींनी शाळा होईपर्यंत घट्ट बूट घातलेलेच नसतात, चप्पल नाहीतर अनवाणी, शेतात, बांधावर, रस्त्यानं. त्यांचा पाय जमिनीवर टेकला की बोटं पंख्यासारखी उघडतात, अंगठा सरळ पुढं असतो, बाकी बोटांकडे झुकलेला नसतो, तळव्याची कातडी जाड पण मऊ, आणि घोट्याभोवती एक प्रकारची पकड दिसते. त्यांना मी सांगते की चारही बोटं जमिनीला टेकवून नुसता अंगठा वर उचल, लगेच उचलतात. मग अंगठा खाली दाबून चार बोटं वर, तेही जमतं. हीच गोष्ट सकाळच्या ग्रुपला सांगा, पायाकडे पाहत उभे राहतात, चेहरा लाल होतो, पण अंगठा हलत नाही, हलला तर पाचही बोटं सोबत येतात. तीस तीस वर्षं निमुळत्या फॉर्मल बुटात, मग जाड गादीच्या रनिंग शूजमधे राहिलेला पाय आहे तो, त्यातले बारीक स्नायू कामच विसरलेले असतात. यात त्यांची काही चूक नाही, आपण सगळेच तसे वाढलो. पण ज्या पायाला अंगठा उचलता येत नाही त्या पायावर एका रविवारी एकदम १५ किमी पातळ सोलमधे पळायचं म्हणजे काय होणार, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

आता या बुटात असतं काय ते नीट सांगते कारण दुकानातसुद्धा गडबड आहे. नेहमीच्या रनिंग शूजमधे टाचेखाली बराच फोम असतो आणि टाच चवड्यापेक्षा साधारण १० ते १२ मिमी उंच असते, या फरकाला ड्रॉप म्हणतात. मिनिमलिस्ट बुटात ड्रॉप शून्य ते ४ मिमी, सोल पातळ, वजन कमी, पुढं बोटांना जागा, आणि बूट सगळ्या बाजूंनी वाकतो. २०१५ मधे ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून याची एक व्याख्या ठरवली, त्यात पाच गोष्टी पाहायच्या सांगितल्या, वजन, सोलची जाडी, ड्रॉप, लवचिकपणा, आणि पाय आत वळू नये म्हणून घातलेले आधार आहेत की नाहीत. म्हणजे फक्त बूट हलका आहे किंवा जाळीचा आहे म्हणून तो मिनिमलिस्ट होत नाही. सीताबर्डीत एका दुकानात मी स्वतः ऐकलं, पोट्टा गिऱ्हाइकाला सांगून राहिला होता की हे झीरो ड्रॉपच आहेत घ्या, आणि हातात जो बूट होता त्याची टाच नुसत्या डोळ्यानं चढलेली दिसत होती. घरी पाहायचं असेल तर सोपं आहे, बूट टोकापासून टाचेकडे गुंडाळून पाहा, ओला टॉवेल पिळतो तसा पिळून पाहा, आणि आतली गादी काढून जमिनीवर ठेवून तिच्यावर उभं राहा, बोटं बाहेर येत असतील तर तो बूट तुमचा नाही. आपले शाळेतले पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज आठवतात नं, सोल पातळ आणि सपाट, काहीशे रुपयांत मिळायचे, ते जवळजवळ या जातीतलेच, फक्त बोटांच्या जागेत ते पण आखूड असतात. त्यामुळे महागाचं फॅड म्हणून नाक मुरडणाऱ्यांना पण मी सांगते, वस्तू नवी नाही, आपल्याच पिढीनं घातलेली आहे.

आणि मी या बुटांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर कोणी म्हणेल मॅडमला नव्याचं वावडं आहे. पातळ सोलमधे पाऊल छोटं पडतं, टाच आपटून पळणाऱ्याला टाच लगेच कळवते की बाई असं नको, आणि मग पाय शरीराच्या खाली पडायला लागतो, लांब पुढं नाही. २०१० मधे हार्वर्डचे डॅनियल लिबरमन यांनी नेचर या मासिकात जे संशोधन छापलं त्यात हेच मोजलं होतं, अनवाणी पळायची सवय असलेले लोक बहुतेक चवड्यावर किंवा पूर्ण पावलावर उतरतात आणि टाचेवर उतरताना जो एकदम धक्का बसतो तो त्यांच्यात जवळजवळ दिसत नाही. त्यानंतर जगभर ही लाट वाढली. पण त्या अभ्यासात दुखापती मोजलेल्या नव्हत्या, धक्का मोजला होता, आणि जे लोक अनवाणी पळत होते त्यांना तसं पळायची आधीपासून सवय होती, हे कोणी वाचलं नाही, बूट मात्र सगळ्यांनी घेतले.

गुडघेदुखीबद्दल तुमच्या लेखात जे आलं ते अर्धं खरं आहे. लहान पावलांनी आणि पातळ सोलवर पळताना गुडघ्यावरचा भार कमी होतो हे बरोबर. पण तो भार नाहीसा होत नाही साहेब, तो खाली सरकतो. पोटरी, टाचेमागची जाड शीर (अकिलीस टेंडन, रक्ताची शीर नाही), तळव्याची कमान आणि बोटांमागची लांब बारीक हाडं, यांच्यावर जातो. ज्याची पोटरी मजबूत आहे त्याला हा सौदा परवडतो, ज्याची नाही त्याचा गुडघा सुटतो आणि घोटा अडकतो. आणि यात एक फसवणूक अशी की स्नायू लवकर शिकतात, काही आठवड्यांत पोटरी दुखायची थांबते, माणसाला वाटतं जमलं, पण शिरा आणि हाडं हळू शिकतात, त्यांना महिने लागतात. नेमकं त्या मधल्या काळात, जेव्हा दुखत काही नाही आणि हुरूप चढलेला असतो, तेव्हाच लोक किलोमीटर वाढवतात.

हे मी अंदाजानं नाही म्हणत. अमेरिकेत २०१३ मधे एक अभ्यास छापून आला, ३६ अनुभवी धावपटू घेतले, त्यातल्या १९ जणांना १० आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणलं, बाकीचे नेहमीच्या बुटात. आधी आणि नंतर पायाचा एमआरआय काढला. त्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांच्या आत, अस्थिमज्जेत, सूज वाढलेली दिसली, दुसऱ्या गटात एकाच्याच. १० आठवडे घेऊन, सूचना देऊन ही गत. आणि आपले लोक एका रविवारात बदलून राहिले आहेत. त्याच पाच बोटांच्या बुटांच्या, म्हणजे फाइव्हफिंगर्सच्या, व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला होता की पायाला फायदा होतो, दुखापत कमी होते हे तुम्ही पुराव्याशिवाय सांगता, आणि २०१४ मधे कंपनीनं चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली. म्हणजे बूट वाईट होता असं नाही, दावा मोठा होता. तुमच्या पुरवणीतला दावा पण तेवढाच मोठा होता म्हणून आठवण करून दिली.

लेखात अबेबे बिकिलाचा फोटो होता, १९६० च्या रोम ऑलिम्पिकमधे अनवाणी मॅरेथॉन जिंकला तो. फार मोठा माणूस, मी माझ्या पोरींना त्याची गोष्ट दर वर्षी सांगते. पण पूर्ण सांगते. तो इथिओपियात अनवाणी सराव करूनच रोमला गेला होता, त्याच्या पायाला ते नवीन नव्हतं. आणि चार वर्षांनी १९६४ ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला आणि परत जिंकला, तेही जास्त वेगात, २ तास १२ मिनिटांत. आपल्याकडे लता करे बारामतीच्या मॅरेथॉनमधे नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या, त्यांचं नाव पण ग्रुपवर फॉरवर्ड होत असतं की बघा, बूट लागत नाही. अहो, आयुष्यभर शेतमजुरी केलेला पाय आहे तो. शहरातल्या माणसाला पहिल्याच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापूस वेचायला लावला तर बोंडाच्या टोकांनी त्याची बोटं रक्तानं भरतील, आणि शेजारच्या ओळीतली बाई गप्पा मारत वेचत असेल, तसं आहे हे.

आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या एका काकांचं सांगते, नाव नाही लिहीत. साठीच्या जवळचे, दर वर्षी २१ किमी पळणारे, शिस्तीचे. मुलानं पुण्याहून पातळ सोलचे बूट पाठवले, काका खूश. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या धरल्या की जिना उतरताना कठड्याला धरून उतरायचे, पण हे होतंच म्हणाले. दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात ते दुखणं गेलं आणि काकांनी फुटाळ्यापासून पुढं वाडीपर्यंत जाऊन परत, असा मोठा फेरा सुरू केला. मग पायाच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटांच्या मागं, थोडी सूज. लेस घट्ट बांधली असेल म्हणाले. मी ग्राउंडवर बूट काढायला लावला आणि अंगठ्यानं एकेक हाड दाबत गेले, पहिलं काही नाही, दुसऱ्यावर एका ठरावीक जागी, टिकलीएवढ्या जागेवर, दाबलं आणि काका कळवळले. त्या पायावर एक उडी मारून पाहा म्हटलं तर मारता येईना. स्नायू दुखतो तेव्हा पसरट दुखतो, हाड दुखतं तेव्हा बोट ठेवून दाखवता येतं. एक्सरे काढला तर क्लीअर आला, आणि इथंच लोक फसतात, कारण हाडाला ताणानं पडलेल्या बारीक चिरा पहिल्या दोन तीन आठवड्यांत एक्सरेत बहुतेक दिसतच नाहीत. काका चार दिवस आराम करून परत पळायला निघाले होते, काकूंनी अडवलं म्हणून बरं. नंतर एमआरआयमधे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे तशीच बारीक चीर, निघालं, कित्येक आठवडे पळणं बंद. आता ते सगळ्यांना सांगत फिरतात की ते बूटच बेकार आहेत. मला त्याचं पण वाईट वाटतं, कारण बूट बेकार नव्हते, आणि काकांच्या पायाला सहा आठ महिने दिले असते तर काका आज त्याच बुटात मजेत पळत असते.

मग द्यायचे कसे ते सांगते. सुरुवात पळण्यानं करायचीच नाही. आधी घरात अनवाणी राहा, आपल्याकडे घरात चप्पल घालायची पद्धत तशीही नाही, पण आजकाल गुडघे दुखतात म्हणून घरात पण जाड स्लीपर आल्या आहेत, त्या काढा (ज्यांना डॉक्टरांनी सांगितल्या आहेत त्यांनी नका काढू). मग ते पातळ बूट घालून नुसतं चालायचं, बाजारात, ऑफिसला, संध्याकाळी बागेत, काही आठवडे. हे वाया जात नाही, २०१९ मधे छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की आठ आठवडे अशा बुटात नुसतं रोजचं चालूनसुद्धा पायाचे स्नायू जवळजवळ तेवढेच वाढतात जेवढे पायाचे व्यायाम करून वाढतात. मला स्वतःला हा सगळ्यात आनंदाचा निष्कर्ष वाटतो कारण यात माझी आई पण बसते, जिला आयुष्यात पळायचं नाही.

सोबत व्यायाम. पायरीच्या कडेवर चवड्यानं उभं राहून टाच वर, मग हळूच पायरीच्या खाली, आधी दोन्ही पायांवर, मग एका. गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा थोडा वाकवून, दोन्ही करा, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू असतात आणि वाकवल्याशिवाय खालचा नीट कामाला लागत नाही. एका पायावर वीस पंचवीस वेळा नीट टाच उचलता येत नसेल तर माझ्या हिशोबानं त्या माणसानं पातळ सोलमधे पळायची घाई करूच नये. नंतर अंगठ्याचा तो व्यायाम, आणि बोटं न आवळता तळव्याची कमान वर ओढून धरायची, टीव्ही पाहताना होतं.

यानंतर पळणं, आणि ते किती तर नेहमीच्या धावण्याच्या सुरुवातीला पाच मिनिटं, पाय ताजे असताना, मग बूट बदलून बाकीचं जुन्या बुटात. शेवटी नका करू, दमलेला पाय चुकीचा पडतो. आठवड्यातून दोनदा, सलग दोन दिवस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना टाच किंवा टाचेमागची शीर टोचली तर पुढचा आठवडा वाढवायचं नाही, तेवढ्यावरच राहायचं. नाही टोचली तर थोडं वाढवा. ज्यांचा ड्रॉप १२ आहे त्यांनी सरळ शून्यावर उडी न मारता मधे ६ किंवा ४ चा एक जोड पूर्ण झिजवला तर उत्तमच. जुने बूट फेकू नका, कोणाला देऊन पण टाकू नका, महिनोन्महिने दोन्ही लागतात, आणि ज्यांना लॉंग रनला जाड आणि छोट्या रनला पातळ असं कायमचं ठेवायचं आहे त्यांनी खुशाल ठेवावं, त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मी रोज ओरडून सांगते, चवड्यावर पळायचा प्रयत्न करू नका. व्हिडिओ पाहून लोक टाच हवेतच ठेवून नाचल्यासारखे पळतात आणि पंधरा दिवसांत शीर सुजवून घेतात. टाच नंतर टेकली पाहिजे, अलगद, पण टेकली पाहिजे. पावलं छोटी आणि भरभर ठेवा, आवाज कमी करा, बाकी पाय स्वतः शिकतो. माझ्या पोरींना चवडा टाच कोणी शिकवलेलं नाही, ८०० मीटर पळतात तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज पण येत नाही.

काही लोकांनी हे करूच नये किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. ज्यांना मधुमेह आहे आणि तळपायाला बधिरपणा आहे त्यांनी अजिबात नाही, कारण हा सगळा कारभार तळव्याच्या जाणिवेवर चालतो आणि तीच नसेल तर काच घुसली तरी कळणार नाही. आपल्याकडे चाळिशीनंतर मधुमेह किती आहे ते काही मी सांगायला नको, आणि बऱ्याच जणांना बधिरपणा आहे हेच माहीत नसतं. पाळी गेलेल्या बायांनी आधी हाडांची तपासणी करून घ्यावी, ड जीवनसत्त्व पण पाहावं. ज्यांना आधी कधी पायात स्ट्रेस फ्रॅक्चर झालंय त्यांनी पण थांबावं. आणि वजन जास्त असणाऱ्यांनी जास्तच सावकाश घ्यावं, ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात असं स्पष्ट दिसलं होतं की वजन वाढत जातं तशी या बुटांतली दुखापत जाड बुटांच्या तुलनेत वाढत जाते. तुमच्या लेखात वजन कमी करायला हे बूट उत्तम असं जे लिहिलंय ते म्हणूनच मला खटकलं, ज्याला वजन कमी करायचंय त्यालाच धोका जास्त.

आता आपल्या नागपूरचं. परदेशातल्या लेखात गवतावर सुरू करा, समुद्राच्या ओल्या वाळूवर सुरू करा असं असतं. आपल्याकडे गल्लोगल्ली सिमेंट रोड झालेत, आणि त्यांचे जोड, कडेला एकदम तुटलेली उंची, मधेच वर आलेली चेंबरची झाकणं, पहाटेच्या अंधारात जाड सोलमधे कळत नाही पण पातळ सोलमधे घोटा मुरगळायला एवढं पुरतं. सिमेंट म्हणजे विषच असं मी म्हणत नाही, शरीर गुडघा जास्त वाकवून कडक जमिनीशी जुळवून घेतं, पण ते जुळवून घ्यायला शिकलेलं शरीर पाहिजे. नवशिक्यानं माती धरावी. सिव्हिल लाइन्समधे झाडांखाली कडेची माती अजून आहे, सेमिनरी हिल्सवर मुरुमाच्या वाटा आहेत, रेशीमबागेसारखी मैदानं आहेत, तिथं जा. फक्त पावसाळ्यानंतर गोखरूचे काटे पाहून, आणि बाभळीचा काटा तर या सोलला मोजतच नाही, आरपार येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊ नका, ती सोलला चिकटून बूट पाच किलोचा करते आणि पाय घसरतो. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा संध्याकाळी सहाला पण सिमेंट तापलेलं असतं, पातळ सोलमधून तळवे भाजतात, त्या दिवसांत पहाटेच.

वेळेचं पण सांगते कारण हीच वेळ आहे. थंडीत शर्यती असतात, डिसेंबर जानेवारीत बऱ्याच जणांनी नाव टाकलेलं आहे, आणि दिवाळीच्या सेलमधे नवे बूट घेऊन त्याच शर्यतीत पळायचा बेत आहे. ते नका करू. ही शर्यत जुन्या बुटातच पळा. बूट हवे असतील तर आत्ता घ्या आणि घालून फक्त चाला, पळायला फेब्रुवारीत सुरुवात करा जेव्हा शर्यतींचा ताण नसतो आणि हवा बरी असते, म्हणजे पुढच्या थंडीपर्यंत पायाला हवा तेवढा वेळ मिळतो.

दुसरी बाजू पण लिहिते, ती कोणीच लिहीत नाही. भरतीच्या पोरी शहरात आल्या की पहिलं काम म्हणजे घरून पैसे मागवून जाड सोलचे, चमकणारे, नकली ब्रँडचे बूट घेतात, कारण ग्राउंडवर बाकीच्या हसतात. मग चांगला भला पाय असून टाच आपटून पळायला लागतात, नडगी दुखायला लागते, टाइमिंग पडतं. एक पोरगी मला म्हणाली, मॅडम, अनवाणी पळते तर लोकं म्हणतात गरीब आहे. तिला मी काय सांगू? तिच्याकडे जे आहे ते मिळवायला आमचे काका महिनोन्महिने घालवणार आहेत आणि हजारो रुपये मोजणार आहेत. भरतीच्या अकॅडमीवाल्यांनी तरी या पोरींना सरसकट जाड बूट घ्यायला लावू नयेत, काटे आणि काचेपासून वाचायला साधा सपाट बूट पुरतो, आणि ज्यांना सवय आहे त्यांना तयार केलेल्या मैदानावर अनवाणी पळू द्यावं.

आणि ज्यांच्या हातात आपली मैदानं आणि बागा आहेत त्यांना एक विनंती तुमच्या पेपरमधून पोचली तर बरं होईल. वॉकिंग ट्रॅक सुंदर करायचा म्हणून जिकडे तिकडे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ब्लॉक, लावून राहिले आहेत. लावा, म्हाताऱ्या माणसांना, व्हीलचेअरला, बाळाच्या गाडीला ते लागतात. पण त्याच्या बाजूनं दोन हात रुंदीची मातीची पट्टी तशीच सोडा, वर बारीक मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवला की झालं, गट्टूपेक्षा स्वस्तच पडेल. लहान पोरांना तिथं बूट काढून पळता येईल, भरतीच्या पोरापोरींना पळता येईल, आणि हे नवे बूट घेतलेल्यांना पण सुरुवात करायला जागा मिळेल.

दुकानदारांना एवढंच म्हणते, हे बूट विकताना गिऱ्हाइकाला तोंडानं सांगा की आधी महिनाभर यात चाला. यानं विक्री कमी होत नाही, पाय मोडलेला माणूसच परत येत नाही.

तुमच्या पुरवणीत पुढच्या रविवारी या विषयावर परत जागा द्या, एखाद्या हाडांच्या डॉक्टरला आणि फिजिओला विचारून द्या, माझ्यापेक्षा ते नीट सांगतील. आणि हे पत्र पूर्ण छापायला जागा नसेल तर बिकिला कापा, खटला कापा, माझ्या पोरींचं पण कापलं तरी चालेल, पण पायाचा बधिरपणा असलेल्या मधुमेहींबद्दलचा भाग आणि हळूहळू बदलायचा भाग कापू नका.

आपली,
एक पीटी शिक्षिका, नागपूर